प्रीमियम पेट्रोलचा उन्हाळा

मला उन्हाळा आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मोगरा, वाळा, माठातलं पाणी वगैरे येईल या आशेवर कोणी बसू नये. नाशिकची हवा थंड असते असं अजूनही सांगणारी माणसं आहेत. त्यांनी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी दोनला सातपूरच्या एखाद्या गाळ्यात, पत्र्याखाली उभं राहून दाखवावं. पत्रा तापून कडकड वाजत असतो. नुसता पाना उचलला तरी हात भाजतो. दुसऱ्या पाळीला निघालेली माणसं तोंडाला रुमाल बांधून मोटारसायकलवरून जातात आणि कोणी कोणाकडे बघत नाही, डोळे उघडे ठेवणंच नकोसं वाटतं. यंदाही उन्हाळा आला. तो आला की चार वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा माझ्या मानगुटीवर बसतो. त्याला खाली उतरवायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

मी गाड्या ट्यून करते. म्हणजे हातात पाना कमी आणि लॅपटॉप जास्त. हल्लीच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी नेमकी केव्हा टाकायची, हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याच्या पोटात आकड्यांचा एक तक्ता असतो, त्याला आम्ही मॅप म्हणतो. कंपनी हा मॅप जरा सैल ठेवते, कारण गाडी कोण चालवणार, कुठलं पेट्रोल भरणार, याचा तिला भरवसा नसतो. धूर मोकळा बाहेर पडावा म्हणून कोणी मोठा एक्झॉस्ट बसवला, की इंजिन जास्त हवा ओढायला लागतं. त्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल दिलं नाही तर आतला जाळ वाढतो. म्हणून तक्ता नव्याने मांडायचा. शिवाय गाडीवाला कायम प्रीमियम पेट्रोल भरणार असेल तर ठिणगी थोडी लवकर टाकता येते, गाडीला जोर येतो. तेच साधं पेट्रोल असलं तर ते दाबाखाली भलत्या वेळी पेट घेतं. डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. ते चालूच राहिलं तर पिस्टन फुटतो. इंजिनावर एक सेन्सर असतो, तो हा आवाज ऐकतो आणि ठिणगी मागे ओढून इंजिन वाचवतो. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

हेमंत आणि मी पॉलिटेक्निकला एका वर्गात होतो. नंतर मी आठ वर्षं एका कारखान्यात इंजिनांची चाचणी घेत काढली, आणि तो स्टीलचे पाइप वाकवून एक्झॉस्ट बनवायला लागला. त्याचं वेल्डिंग सुंदर होतं, हे मी आज सगळा राग धरूनही सांगते. गाळा दोघांचा. बोर्डावर नाव मात्र त्याचं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "अगं, लोकांना सवय असते. बाईचं नाव बघून गिऱ्हाईक आत यायला कचरतं." मी ऐकून घेतलं. ती माझी पहिली चूक असावी, पण त्या चुकीचा हिशोब इथे मांडत बसत नाही.

त्याच्या तोंडी एक 'आम्ही' होतं. "मॅप आम्ही करतो." "आम्ही तीन दिवस टेस्टिंग घेतो." त्या 'आम्ही'मध्ये मी कुठे होते हे कधी कोणी विचारलं नाही. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली असायची, घाम पुसत, आणि गिऱ्हाईक खिडकीशी वाकून मला विचारायचं, "साहेब कुठे गेले?"

समाधान चांदवडचा. कांद्याचा व्यापार, वय तीस-बत्तीस, लाल रंगाची नवी टर्बो गाडी. उन्हाळ कांदा निघायला लागला होता त्या दिवसांत तो दोन मित्रांना घेऊन आला. गाडीच्या पायपुसण्यांवर कांद्याची सालं होती. आत आल्या आल्या माझ्याकडे पाहून म्हणाला, "वहिनी, तीन चहा सांगा ना."

हेमंत हसला. "वहिनी नाही हो, प्रज्ञा मॅडम." आणि मग माझ्याकडे वळून, "प्रज्ञा, टपरीला फोन कर ना जरा."

मी फोन केला. चहा आला. समाधानने कपातून तोंड न काढताच विचारलं, "मॅडमचं आडनाव काय?" हेमंतने सांगितलं. "असं का," समाधान म्हणाला. त्या 'असं का'चा अर्थ मला शाळेपासून पाठ आहे. ते म्हणताना माणूस वाईट काही बोलत नाही. फक्त एका कप्प्यातून उचलून दुसऱ्यात ठेवतो.

मी लॅपटॉप जोडायला गेले तर तो घाईने पुढे आला. "भाऊ, या करणार? नाय म्हणजे, गाडी नवी हे माझी. तुम्हीच करा की."

"शेवटी मीच बघतो सगळं," हेमंत म्हणाला. "तुम्ही निवांत रहा."

हेमंतला त्या लॅपटॉपमधलं एक पान वाचता येत नव्हतं.

मी समाधानला उभं करून सांगितलं की हा मॅप प्रीमियम पेट्रोलसाठी आहे, दुसरं भरायचं नाही. तो म्हणाला, आमच्या बाजूला प्रत्येक पंपावर मिळेलच असं नाही. मी म्हटलं, मग मी थोडी सवलत ठेवते, एखाद्या वेळी साधं भरलं तरी इंजिन तगेल. ही सवलत मी प्रत्येक गाडीत ठेवायची. जोर थोडा कमी मिळतो, पण माणसं विसराळू असतात, गाडी भावाला देतात, बापाला देतात. हे मला कारखान्यातल्या आठ वर्षांनी शिकवलं होतं.

काम चार दिवस चाललं. सकाळी लवकर, हवा जरा बरी असताना, मी त्र्यंबक रोडला चाचणी घ्यायची. गाडी पळत होती, पण मधूनच मरगळायची. दुसऱ्या दिवशी कारण सापडलं. हेमंतने बसवलेला पाइप एका ठिकाणी गाडीच्या तळाला घासत होता. त्याची थरथर सेन्सरला नॉकिंगसारखी ऐकू येत होती आणि बिचारा सेन्सर इमानाने ठिणगी मागे ओढत होता.

"पाइप बोटभर खाली घे," मी हेमंतला म्हटलं.

"परत कापू? फिटिंग बघ कसलं बसलंय. तूच सेन्सर सैल कर. सगळे करतात."

"सगळे करतात म्हणून मी नाही करणार."

"मग तूच सांग त्याला अजून तीन दिवस लागतील म्हणून."

तिसऱ्या दिवशी समाधान मित्रांना घेऊन गाडी बघायला आला. एक फेरी मारून परतला, दार आपटलं आणि माझ्यादेखत हेमंतला म्हणाला, "भाऊ, बोललो होतो ना मी. बाईच्या हातची गाडी. भाजी आणायला बरी हे." मित्र हसले. हेमंतही हसला, नाकातून, न हसल्यासारखं.

मी तेव्हाच काही बोलले असते तर कदाचित पुढचं टळलं असतं. माझा राग तोंडावाटे बाहेर पडत नाही, तो हातात उतरतो. ते सगळे बाहेर रसवंतीवर गेले आणि मी लॅपटॉप उघडला. सेन्सर इतका सैल केला की त्याला फारसं काही ऐकूच येऊ नये. ठिणगी पुढे घेतली. मग ठेवलेली सवलत काढली, सगळी. अर्ध्या तासाचं काम होतं. उन्हामुळे माझी बोटं कीबोर्डवर चिकटत होती आणि मला आठवतंय, त्या अर्ध्या तासात मला फार बरं वाटत होतं. मी काय करते आहे हे मला पूर्ण माहीत होतं. घे, म्हटलं. बाईच्या हातची गाडी घे.

पेट्रोलच्या झाकणावर मी स्टिकर लावला, 'फक्त प्रीमियम पेट्रोल'. आपली जबाबदारी स्टिकरवर चिकटवता येते, हे मी हेमंतकडूनच शिकले होते.

समाधान चक्कर मारून आला तेव्हा त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "लय भारी! हेमंतभाऊ, मानलं तुम्हाला!" त्याने हेमंतला मिठी मारली. हेमंतने ती घेतली. मी दाराशी उभी होते. मोठ्या एक्झॉस्टचा तो घुमणारा आवाज पार चौकापर्यंत ऐकू येत राहिला.

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, त्या वर्षी कडक उन्हात आली. समाधानचे वडील निवृत्त शिक्षक, गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांची बायको सणाला माहेरी उमराण्याला गेली होती. तिला आणायला गुरुजी निघाले. समाधानने पिकअप बाजारात नेलेली, घरी लाल गाडी होती, ती त्यांनी घेतली. परत येताना वाटेत पेट्रोल भरलं. पंपावरचा माणूस म्हणाला, प्रीमियम संपलंय, साधं टाकू का? गुरुजींनी झाकणावरचा स्टिकर वाचला होता. आयुष्यभर समोर येईल ते अक्षर वाचणारा माणूस. पण त्यांना ती जाहिरात वाटली. पेट्रोलवाले काहीबाही चिकटवतात, तसं काहीतरी. ते म्हणाले, टाक.

उमराण्याहून मालेगाव रस्त्याने चांदवडला येताना राहुड घाट लागतो. फार मोठा नाही. पण दुपार होती, एसी चालू होता आणि चढ होता. इंजिन सगळी वाट खडखडत असणार. बिघाड होण्याआधी इंजिन सांगतं, ऐकणाऱ्याला वेळ देतं. पण गुरुजींना त्या एक्झॉस्टच्या गडगडाटात दुसरं काही ऐकूच आलं नाही, आणि सेन्सरने ऐकावं अशी सोय मी ठेवली नव्हती. वळणावर पिस्टन फुटला. गाडी धुरात गेली आणि चढावर जागच्या जागी मेली. मागच्या ट्रकवाल्याने ब्रेक लावले, पण अंतर थोडं होतं. धक्क्याने गाडी कठड्यावर आदळली. बायकोला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गुरुजींच्या उजव्या कोपराचा चुरा झाला.

टोइंगवरून गाडी गाळ्यात आली तेव्हा मी इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनच्या कडेचा टवका उडाला होता. मी तो हातात घेऊन बसले. हेमंत मागून डोकावला.

"साधं पेट्रोल भरलंय," तो म्हणाला. आणि मग मोकळा श्वास सोडून, "स्टिकर होता ना? सुटलो आपण."

त्या क्षणी मला हेमंतची जी शिसारी आली, ती अजून गेलेली नाही. जाऊ नये असंच मला वाटतं. पण खरं सांगायचं तर तो टवका हातात घेतल्यावर माझ्याही मनात पहिल्यांदा स्टिकरच आला होता.

काही दिवसांनी समाधान वडिलांना घेऊन आला. गुरुजी उंच, पांढरा सदरा, हात गळ्यात बांधलेला. समाधान आल्या आल्या ओरडायला लागला. हत्यारांच्या ट्रॉलीला त्याने लाथ मारली, सॉकेट घरंगळत रस्त्यापर्यंत गेले. "कोणी केलं हे? बोला! कोणी केलं?"

आणि हेमंत म्हणाला, "मॅपचं काम मॅडमचं आहे. मी फक्त पाइप लावला."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्या गाळ्यात मॅपचं काम माझं झालं. पहिल्यांदा 'आम्ही' मोडून त्यात कोण होतं ते दिसलं. मी हसले असं समाधानला वाटलं असावं, कारण तो माझ्या अंगावर धावून आला. गुरुजींनी त्याला डाव्या हाताने मागे ढकललं.

"काय नाव तुझं?"

"प्रज्ञा."

मी आडनावाच्या प्रश्नाची वाट पाहत थांबले. त्यांनी तो विचारला नाही.

"प्रज्ञा, मला गाडीतलं कळत नाही. एवढंच सांग. कोणीतरी कधीतरी साधं पेट्रोल भरेल, हे तुला माहीत होतं?"

हेमंत मध्ये पडला. "गुरुजी, झाकणावर स्पष्ट लिहिलेलं—"

"तुम्हाला नाही विचारलं."

"माहीत होतं," मी म्हटलं. "एरवी मी त्याची सोय ठेवते. या गाडीत ठेवली होती. मग काढली."

"का?"

"तुमच्या मुलाचा राग आला होता."

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. वर्गात चोरी कबूल केलेल्या मुलाकडे बघतात तसे असतील, मला माहीत नाही, मी शाळेत कधी काही चोरलं नव्हतं.

"राग माझ्या मुलाचा," ते म्हणाले. "कोपर माझं."

 

ते गेल्यावर हेमंत माझ्यावर उखडला. "कोणी सांगितलं होतं तुला खरं बोलायला? स्टिकर होता! आपल्या बाजूने सगळं होतं!" मी म्हटलं, पाइप अजून घासतोय, तेवढा बघ. माझा लॅपटॉप, माझ्या वायरी उचलल्या आणि बाहेर पडले. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. कधी समोरासमोर आलो तर तो फोन कानाला लावतो.

इंजिन मीच बांधून द्यायचं, हे गुरुजींनी ठरवलं. समाधानला ते अजिबात नको होतं. तो म्हणाला, ही बाई पुन्हा गाडीला हात लावणार नाय. गुरुजी म्हणाले, जिने बिघडवलं तीच नीट करेल, आणि मी समोर बसेन. आणि ते खरोखर बसले. हाताच्या व्यायामासाठी त्यांना आठवड्यातून दोनदा नाशिकला यावं लागायचं. तिथून ते थेट माझ्याकडे यायचे. मी माझ्या वडिलांच्या ओळखीतल्या एका गाळ्यात कोपरा मागून घेतला होता. गुरुजी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचे, पाणी दिलं तर घ्यायचे, चहा नको म्हणायचे, आणि परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक बघतो तसे माझ्या हातांकडे बघत राहायचे.

"हा नट एवढाच का आवळला?"

मी कारण सांगायची.

"आणि तो?"

मी त्याचंही सांगायची. त्यांनी एकदाही 'बरं' म्हटलं नाही. मला ते मनापासून नकोसे व्हायचे. त्यांचा उजवा हात मांडीवर अर्धवट वाकलेला पडलेला असायचा आणि तो बघायचा नाही असं ठरवूनही मी तोच बघायची. एकदा त्यांनी स्वतःहून सांगितलं की निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी शाळेत जाऊन फळ्यावर सुविचार लिहायचे. आता हात फळ्यापर्यंत पोचत नाही. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मला माहीत असावं म्हणून सांगितलं, आणि मला ते कायमचं माहीत झालं.

आता माझा स्वतःचा गाळा आहे, बोर्डावर माझं नाव आहे. गिऱ्हाईक अजूनही साहेब कुठे म्हणून विचारतं. गेल्या आठवड्यात एकजण म्हणाला, ताई, तुम्ही फक्त बिलाचं बघता ना? माझा राग तसूभर कमी झालेला नाही. राग आला की अंगावरचे कपडे बदलावेत तसा तो बदलता येतो, असं सांगणाऱ्या माणसांना मी दारातूनच परत पाठवते. फक्त राग आलेला असताना मी लॅपटॉपला हात लावत नाही. बंद करते, बाहेर उन्हात जाऊन उभी राहते. पाय भाजेपर्यंत. मग आत येऊन सवलत ठेवते, त्या माणसासाठी नाही, त्याच्या मागून ती गाडी जो चालवेल त्याच्यासाठी. आणि सेन्सरला मी पुन्हा कधी बहिरा केला नाही. पाइप घासत असेल तर गिऱ्हाईक परत पाठवते. बरेच जण परत येत नाहीत. न येवोत.

त्या वर्षी पाऊस लांबला. जून सरत आला तरी ऊन हटेना. इंजिन तयार झालं. समाधानला तो मोठा एक्झॉस्ट पुन्हा हवा होता. गुरुजींनी कंपनीचाच बसवायला लावला, कंपनीचाच मॅप घालायला लावला. मग म्हणाले, "मी चाचणी घेणार. तू चालव."

सातपूरहून निघालो ते थेट चांदवडच्या पुढे, घाट उतरून खाली. एका पंपावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि माझ्याकडे बघत पंपावरच्या माणसाला म्हणाले, "साधं भर." मग काचा खाली करायला लावल्या, एसी बंद करायला लावला. गाडी परत वळवून आम्ही घाट चढायला लागलो. गरम वारा तोंडावर आदळत होता. दोघंही कान देऊन होतो. कठड्याचे नवे दगड एका ठिकाणी वेगळ्या रंगाचे दिसले. ते तिकडे बघत नव्हते, मी बघितलं. इंजिन सरळ, न कुरकुरता चढत गेलं. एक खडा वाजला नाही.

माथ्यावर त्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

"काम नीट झालंय," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे मी तुला माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"समाधानलाही नाही केलेलं. तो घरात आहे म्हणून जेवतो माझ्याबरोबर, एवढंच."

त्यांना खाली उतरून पाय मोकळे करायचे होते. सीटबेल्टचं बटण उजव्या हाताला होतं. कोपर तेवढं मागे वळेना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. माझा हात आपोआप पुढे गेला.

"राहू दे," ते म्हणाले.

मी हात मागे घेतला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि क्षणभर खिडकीबाहेर बघितलं. खाली उमराण्याच्या बाजूला सगळं माळरान उन्हात पांढरं पडलं होतं. त्यांनी पूर्ण अंग वळवलं, डावा हात आडवा आणला, बोटांनी बटण चाचपलं. वेळ लागत होता. मी मदत केली नाही, आणि आता त्यांच्या हातावरून नजरही हटवली नाही. पट्टा सुटेपर्यंत तशीच बसून राहिले.